पाहुण्यांची खुंटी

राहीच्या न्हाणीत दोन माणसं एका वेळी धड उभी राहू शकत नसत, आणि बसायचं तर एकट्यालाही गुडघे पोटाशी घ्यावे लागत. तरी त्या न्हाणीबद्दल कोणी वाकडा शब्द काढलेला राहीला खपत नसे. रत्नागिरीकडच्या पालीपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या वाडीत बायका तोवर मागीलदारी माडाच्या झापांच्या आडोशाला अंघोळ करत. वारा आला की एका हाताने झाप धरायचं आणि दुसऱ्या हाताने तांब्या. काशी, राहीची मुलगी, अंगाने भरायला लागली तेव्हा राहीने मनावर घेतलं. खाणीवरून जांभ्याचा एकेक चिरा डोक्यावरून वाहून आणला, भागोजी गवंड्याच्या मागे हात धुऊन लागली, भिंती उभ्या करून घेतल्या, वर कौलं घातली आणि दाराला आतून कडी लावली. ती कडी पहिल्यांदा लावून ती आत एकटीच उभी राहिली आणि का कोण जाणे, तिला रडू आलं.

हे सगळं झालं तेव्हा तिचा नवरा महिपत मुंबईला होता. तो असायचाच मुंबईला. न्हाणी बांधून झाल्यावरच्या गणपतीला तो आला, आत डोकावला, "बरी झालेय" म्हणाला आणि अंघोळ करून बाहेर आला. राहीने त्या दोन शब्दांवर समाधान मानलं. मानणार नाही तर काय करणार? चार दिवसांनी तो परत जायचाच होता.

लग्न झाल्यापासून हा माणूस गिरणीत मागावर उभा होता. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, खांद्याला पिशव्या लावून वाडीत यायचा. आला की पिशव्या उघडून ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. आईला लुगडं, राहीला पातळ, काशीला फ्रॉक आणि रिबिनी, मुलाला, शिवाला, बूट. मग चार दिवस घरात त्याचं कौतुक चाले. पहिलं गरम पाणी त्याला, कोंबडीची तंगडी त्याला, पडवीतला झुळकेचा कोपरा त्याला. तो जायला निघाला की सगळी रडत, आणि तो पायवाटेच्या वळणाआड गेला की सगळी आपापल्या कामाला लागत. चाकरमानी घरचा माणूस असतो की घरी येणारा पाहुणा, हे त्या भागात कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं असतं तर पुष्कळ घरांत पंचाईत झाली असती.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल, असं करत महिपतने उन्हाळा मुंबईत काढला, पावसाळ्याचे दोन महिनेही काढले. मग गणपतीला तो आला तो पिशव्या घेऊन नव्हे. या वेळी ट्रंक होती आणि गुंडाळलेली वळकटी. कोणाच्याच हातात काही पडलं नाही. गौरी गेल्या, गणपती गेले, आणि महिपत राहिला.

पहिले आठ दिवस बरं वाटलं. मग घराला कळेना, या माणसाचं करायचं काय, आणि त्यालाही कळेना. भातकापणीला तो शेतात उतरला, पण त्याचा विळा चालण्याआधी राहीचा आणि काशीचा पुढे निघून जाई. कापलेल्या पेंढ्या कुठे रचायच्या, बैल कोणत्या दाव्याला बांधायचा, सगळं त्याला विचारावं लागे. तो विचारायचा, हाच राहीच्या जिवाला मोठा घोर होता. अंघोळीला जाताना तो मागीलदारी उभा राहून म्हणायचा, "पानी घेऊ काय?" चुलीवरचा हंडा त्याच्याच पैशाचा, पाणी त्याच्याच विहिरीचं, आणि हा बाबा विचारतोय घेऊ काय!

"इचारताव काय सारखे?" ती एकदा वैतागून म्हणाली. "घ्या की."

"तसा नाय," तो ओशाळून म्हणाला. "कोनाला आधी लागायचा असंल तर."

आणि ती ट्रंक. पडवीच्या कोपऱ्यात ती आल्या दिवशी ठेवली तशी होती, सुंभाची दोरी आवळून. महिपत रोज सकाळी ती दोरी सोडी, आतून दाढीचा पत्र्याचा डबा काढी, दाढी करी, डबा पुसून परत आत ठेवी आणि दोरी बांधून टाकी. राहीला त्या दोरीचा राग येई. तिला त्याच्याकडून ना पातळ हवं होतं ना पैसे. या माणसाने एकदा ती दोरी सोडावी आणि पुन्हा बांधू नये, एवढंच तिला हवं होतं. एवढं त्याला सांगायचं म्हटलं की ती दुसऱ्याच कामाला लागे. इतक्या वर्षांत त्यांची बोलायची सवयच मोडली होती. चार दिवसांत काय बोलणार? पोरांचं, आईच्या गुडघ्यांचं, गुरांचं, की झाली निघायची वेळ.

दिवाळीनंतर मुंबईहून भिकाजी आला. भिकाजी वाडीतलाच, लालबागच्या खोलीत महिपतबरोबर राहिलेला. त्या खोलीत वाडीतली सगळी गिरणीवाली माणसं पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपत. खोलीत आपलं म्हणावं असं माणसाला दोनच गोष्टी मिळत: वळकटी पसरेल एवढी जमीन आणि मोरीवरच्या फळीत एक खण. त्या खणात ज्याचा त्याचा साबण, ज्याचा त्याचा दाढीचा डबा. दुसऱ्याच्या खणाला कोणी हात लावायचा नाही, हा खोलीचा कायदा, आणि त्या कायद्यावर इतकी माणसं इतकी वर्षं न भांडता राहिली. महिपतचा खण खिडकीच्या बाजूचा होता. सकाळी तिथे ऊन यायचं, हे त्याने काशीला मोठ्या अभिमानाने सांगितलेलं राहीने ऐकलं होतं. कोणी घराबद्दल सांगावं तसा तो त्या खणाबद्दल सांगत होता.

भिकाजी पडवीत बसून चहा प्यायला आणि सहज बोलून गेला, "तुझा खन खोलीवरच्या दादूला दिला रे. रिकामाच व्हता."

महिपत हसला. "बरा केलाव," म्हणाला. "ऊन येता तितं. साबन सुका ऱ्हाता."

चहाचा पेला उचलायला आलेल्या राहीने त्याचं हसणं पाहिलं आणि पेला हातात धरून ती तिथेच थांबली. भिकाजी पुढे बरंच बोलला. गिरणी काही आता सुरू होत नाही, पण भिवंडीला माग चालू आहेत, पगार कमी आहे, राहायची सोय आपली आपण बघायची, यायचं असेल तर पौषात ये. महिपत मान हलवत होता. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई न्हाणीत घसरली. सखूआये सत्तरीची, पण स्वतःचं पाणी स्वतः काढून घेणारी. न्हाणीत वस्तू ठेवायला जागाच नव्हती. साबण खाली दगडावर असायचा, शिकेकाईची वाटी दाराशी, पाय घासायची वजरी कोपऱ्यात, तेलाची बाटली कडेला, आणि सगळ्यांचे कपडे दारावर. म्हातारीचा पाय पडला ओल्या साबणावर आणि ती आपटली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण कंबर धरली ती धरलीच. राहीने आणि महिपतने तिला उचलून आत आणलं.

"आये, मी फली बसवतंय न्हानीत," महिपत म्हणाला. "साबन खाली नको."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने न विचारता काही करायचं ठरवलं होतं. राहीला बरं वाटलं. तिने काशीला त्याच्यासाठी हातोडी आणायला पिटाळलंसुद्धा.

आता जांभ्याच्या चिऱ्यात खिळा धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चिरा कापायला मऊ आणि खिळ्याला बेइमान. महिपतला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मुंबईच्या विटांच्या भिंतीत राहून तो ते विसरला होता. त्याने दोन खिळे ठोकले, वर फळी ठेवली, फळीवर साबण, बाटली आणि काशीचा आरसा मांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी सगळं घेऊन खाली आली. तेल सांडलं, आरसा फुटला, खिळ्यांच्या जागी दोन मोठी भोकं आणि खाली लाल भुगा. काशी आरशासाठी हिरमुसली. तो काचा वेचत बसला.

मग त्याने भिंतीतच देवळी कोरायची असं ठरवलं. देवघरात दिव्यासाठी असते तसा कोनाडा. फळीच नको, म्हणजे पडायचा प्रश्न नाही. विचार काही वाईट नव्हता. चुकलं ते एवढंच की राही गवताला गेली असताना त्याने हात घातला.

ती डोक्यावर भारा घेऊन आली तर मागीलदारी ठकठक ऐकू येत होती. भारा टाकून ती न्हाणीच्या दाराशी गेली. भिंतीत छातीच्या उंचीवर ओबडधोबड खळगा पडला होता, आणि महिपत भुग्याने नखशिखांत लाल होऊन छिन्नी मारत होता.

"ह्या काय चालवलाव?"

"देवली करतंय. खिला टिकत नाय."

"कोनाला इचारून?"

"इचारायचा काय त्यात? आपलीच न्हानी."

झालं. राहीच्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हातून आलेली, मान अवघडलेली, आणि समोर तिच्या भिंतीला भोक.

"आपली?" ती म्हणाली. "ह्यातला एक तरी चिरा तुमी उचललाव काय? माजी चुंबल झिजली डोसक्यावरची. पोरीला घेऊन खानीवर जात व्हते मी. तुमी व्हताव कुटं तवा? आनि आता येऊन माज्या भितीला भोका पाडताव?"

आत खाटेवर सखूआयेने ऐकलं, काशीने ऐकलं, शेजारणीनेही ऐकलं असेल. महिपतच्या हातातली छिन्नी खाली आली. या माणसाने उलट विचारायला हवं होतं. चिऱ्यांचे पैसे कोणाच्या मनीऑर्डरीतून गेले, भागोजीची मजुरी कुठून आली, असं काही. राहीला वाटत होतं तो विचारील, आपण भांडू, आणि मग मोकळं होईल. त्याने छिन्नी आणि हातोडी भिंतीशी ठेवली, लाल झालेले हात पाहिले आणि म्हणाला, "थोडा पानी घेऊ काय हात धुवायला?"

तोंडात मारल्यासारखी राही उभी राहिली. तांब्या भरून तिने त्याच्या हातावर पाणी ओतलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बोललेला शब्द मागे घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती आणि राहीला ती कोणी शिकवलीही नव्हती. महिपतने भिवंडीला जायचं नक्की केलं. ते त्याने आईला सांगितलं, राहीला ते आईकडून कळलं. "माज्या पोटात नुसती आग पडलेय," म्हातारी म्हणाली, "पन पोराला बांधून थोडाच ठेवायचा?" राही भाकरी थापत राहिली. घरात तो नको असं कोणालाच वाटत नव्हतं, आणि तरी तो चालला होता.

पण जायच्या आधी फळी करून द्यायची, हे त्याने सोडलं नाही. उन्हाळ्यातल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या गोठ्यावर पडलेल्या होत्या, त्या त्याने मोडल्या. फळ्या काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केल्या. त्याच फुटलेल्या आरशाची काच त्याला कामी आली. फळ्यांना काजूच्या टरफलांचं काळं तेल पाजलं आणि त्या तेलाने बोटांना फोड आणून घेतले. सखूआये पडवीत आडवी पडल्या पडल्या त्याला काथ्या पिळून देई आणि तो मांडीवर सुंभ वळी. मायलेक असे तासन्तास बसत. इतका वेळ हा आपल्याजवळ लहानपणीही बसला नव्हता, असं म्हातारी काशीला म्हणाली. राही येता जाता बघे. बघून न बघितल्यासारखं करी.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने ते सगळं न्हाणीत लावलं. त्याने भिंतीला हात लावला नव्हता. वरच्या वाशांना सुंभाचे दोर बांधून त्याने फळ्या लोंबत्या सोडल्या होत्या, एकीखाली एक. पुढे बांबूची कांब आडवी बांधली होती, म्हणजे हेलकावा बसला तरी वस्तू खाली पडायला नको. फळ्यांना मध्ये पट्ट्या ठोकून खण केले होते. प्रत्येक खणात अर्धी करवंटी, बुडाला भोकं पाडलेली, साबणाचं पाणी गळून जायला. आणि दाराच्या आतल्या बाजूला पेरूच्या फांदीच्या बेचक्याची एक खुंटी.

"ह्यो आयेचा," त्याने दाखवलं. आईचा खण सगळ्यांत खाली होता, बसल्या बसल्या हात पोचेल असा. तिची वजरी आणि शिकेकाईची वाटी त्यात होती. "ह्यो काशीचा. ह्यो शिवाचा." शिवा रत्नागिरीला आय.टी.आय.ला होता, शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी जायचा. त्याला नुकती मिसरूड फुटली होती, म्हणून त्याच्या खणासाठी दाढीला उजेड येईल अशी जागा धरली होती. "आनि ह्यो तुझा," तो राहीकडे न बघता म्हणाला.

"आनि ही खुंटी?" काशीने विचारलं.

"पावन्यांची. कोन आला गेला तर पंचा अडकवायला."

घरातली साबणाची वडी त्याने दोऱ्याने कापली होती आणि एकेक तुकडा एकेका करवंटीत ठेवला होता. काशीच्या आधाराने दाराशी आलेली सखूआये हसली. "एका घरात येवढे साबन कशाला रे?"

"ज्याचा त्याचा असला की बरा असता, आये," तो म्हणाला. खोलीतला कायदा त्याने घरी आणला होता. त्याला तेवढाच कायदा माहीत होता.

सगळ्यांनी कौतुक केलं. राहीही "चांगली झालेय" म्हणाली. मोजून दोन शब्द. स्वतःच्याच कानांना ते ओळखीचे वाटले आणि तिला कसंसंच झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती अंघोळीला गेली. कडी लावली. कौलांखालच्या झडपेतून उजेड येत होता आणि फळ्या थोड्या हलत होत्या. तिच्या खणात तिची कुंकवाची डबी होती, खोबरेलाची बाटली होती, आणि मागच्या पट्टीला फुटलेल्या आरशाचा एक तुकडा बसवला होता, कडा घासून बोथट केलेला. तिने मान वर न करता, टाचा न उचलता त्यात बघितलं तर तिचं कपाळ बरोबर समोर आलं. तिची उंची त्याने कधी मोजली होती? ती तशीच उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच्यावर माया आली, दोन्ही एकदम. डोक्यावर पाणी घ्यायचं सोडून तिने दुसरे खण पाहिले. आयेचा. काशीचा. शिवाचा. तिचा स्वतःचा.

तिने पुन्हा पाहिलं. खालीही पाहिलं, वर वाशाशीही पाहिलं.

मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. महिपत तिच्या आधी अंघोळ करून गेला होता. त्याचा ओला पंचा पाहुण्यांच्या खुंटीवर होता. खाली, दगडाच्या कडेला, जुन्या साबणाची झिजून पापुद्रा झालेली चकती पडली होती. त्याने ती वापरली होती.

राही अंघोळ न करताच बाहेर आली. महिपत पडवीत ट्रंकेची दोरी आवळत होता. दुपारी निघायचं, चालत पालीला जायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची, असं ठरलं होतं.

"तुमचा खन कुटं हाय?" तिने विचारलं.

"क्काय?"

"सगल्यांचे केलाव. तुमचा कुटं हाय?"

"माजा?" त्याने दोरी हातातून सोडली. "सगल्यांचे केले की." आणि मोजायला लागला, करंगळीपासून. "आये. तू. काशी. शिवा." चार बोटं मिटली. अंगठा उघडा राहिला. त्या अंगठ्याकडे तो बघत राहिला.

"इसारलो," तो म्हणाला.

त्याने रागाने केलं असतं, तिला टोचावं म्हणून केलं असतं, तर राहीने सहन केलं असतं. पण तो खरंच विसरला होता. मुंबईच्या बाजारात गणपतीच्या आधी तो हीच चार बोटं मोजत हिंडायचा. एक लुगडं, एक पातळ, रिबिनी, बूट. घरची माणसं म्हणजे ही चार, पाचवा त्यांना आणून देणारा. आणणाऱ्याला घरात खण कशाला लागतो? तिकडचा खण दादूला गेला आणि इकडे त्याने स्वतःला धरलंच नाही. म्हणजे या माणसाला साबण ठेवायला आता जगात कुठेच जागा नव्हती.

ती वळली आणि न्हाणीत गेली. छिन्नी त्या दिवसापासून भिंतीशी तशीच होती, आणि फळ्यांचं काम झाल्यावर हातोडीही तिच्याशेजारी आली होती. तिने ती घेतली आणि अर्ध्या राहिलेल्या देवळीत घाव घातला. चिऱ्याचा लाल भुगा तिच्या केसांवर, नव्या फळ्यांवर, करवंट्यांतल्या साबणावर उडाला. तिला छिन्नी धरता येत नव्हती. तिसऱ्या घावाला हातोडी बोटावर बसली.

"काय झाला गो?" आतून सखूआये ओरडली.

महिपत धावत आला. "अगो काय करतंस? भित फुटंल!"

"फुटूं दे," राही म्हणाली. "माजी भित हाय." आणि मग तिला रडू फुटलं, ते कडी लावलेल्या दिवशी आलं होतं तसं, का ते न कळता नव्हे. आज तिला नीट कळत होतं. "मी त्या दिवशी बोलले ता चुकीचा बोलले. ह्या भोक तुमी पाडलाव, तुमीच पुरा करा. तुमचा डबा हितं ठेवा. मना नको ती ट्रंक."

तो दारात उभा होता. आत यायला जागा नव्हती आणि ती बाहेर होत नव्हती. शेवटी अंग चोरून तो आत आला, तिच्या हातातून छिन्नी घेतली, म्हणाला, "मधी मारू नको. कडेनं यायचा." आणि कडेने घाव घालायला लागला. ती त्याच्या कोपराला लागून उभी राहिली आणि भुगा ओंजळीत धरत राहिली. बोलायची सवय एका सकाळीत परत येत नसते.

देवळी पुरी व्हायला दुपार उलटली आणि त्या दिवशीची गाडी चुकली. संध्याकाळी महिपतने ट्रंकेची दोरी सोडली, आतून दाढीचा डबा काढला आणि देवळीत नेऊन ठेवला. ती दोरी राहीने उचलली आणि न्हाणीत कपडे टाकायला या वाशापासून त्या वाशापर्यंत ताणून बांधली. ट्रंकेत तिने दुसऱ्या दिवशी तांदूळ भरले.

कोणाला वाटेल, मग तो गेला नाही. गेला. जावंच लागलं. काशीचं लग्न व्हायचं होतं, शिवाचं शिक्षण अर्धं होतं, आणि घरच्या शेतावर पाचांचं पोट वर्षभर भरत नव्हतं. पौष संपायच्या आत तो निघाला, खांद्याला एक पिशवी लावून. सखूआये दारापर्यंत धरत धरत आली. राही आणि काशी पायवाटेच्या वळणापर्यंत गेल्या. तो उतारावरून खाली गेला आणि काजूच्या झाडांआड दिसेनासा झाला.

घरी आल्यावर काशी पाय धुवायला न्हाणीत गेली आणि धावतच बाहेर आली. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता.

"आई, बाबा डबा इसारले! पलत गेले तर पालीला गाठीन मी."

राहीने तिच्या हातातून डबा घेतला. वर लाल धूळ बसली होती, ती पदराने पुसली. मग न्हाणीत जाऊन तो देवळीत होता तसा ठेवला.

"इसारले नाय," ती म्हणाली. "ठेवून गेलेत."